लिनक्सचा मजकूर कन्सोल कोणत्या मॉनिटरवर? कर्नलमधील निवडीच्या सोयीचे परीक्षण

एका संगणकाला दोन किंवा अधिक मॉनिटर जोडलेले असतील, तर लिनक्सचा मजकूर कन्सोल, म्हणजे कंट्रोल, आल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबल्यावर समोर येणारा काळा पडदा, त्यांपैकी कोणत्या मॉनिटरवर उमटावा हे ठरवण्याची सोय कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे. तिच्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही आणि बहुतेक वेळा काही वेगळे बसवावेही लागत नाही. तरीही तिचे परीक्षण लिहावेसे वाटले, कारण तिच्याविषयी सहज हाती लागणारी बरीचशी माहिती जुन्या यंत्रांच्या काळातली आहे आणि ती आजच्या यंत्रावर जशीच्या तशी करून पाहिली, तर पडद्यावर काहीच बदलत नाही. माझे मत आधीच सांगतो. दोन ग्राफिक्स कार्डे असलेल्या यंत्रावर ही सोय उत्तम चालते. एकाच कार्डाला दोन मॉनिटर जोडलेले असतील, आणि बहुतेक ठिकाणी तसेच असते, तर मात्र कर्नल निवड करू देत नाही. नको असलेला मॉनिटर वगळण्याची मुभा तेवढी देतो.

लेखात आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकावीत.

ही गरज कोणाला पडते, असा प्रश्न रास्त आहे, कारण ज्यांचे सगळे काम डेस्कटॉपवर चालते त्यांना मजकूर कन्सोल वर्षानुवर्षे दिसत नाही. परंतु डिस्क कूटबद्ध केलेली असेल आणि बूट होताना परवलीचा शब्द विचारणारी ओळ भिंतीवरच्या बंद प्रोजेक्टरवर उमटत असेल, तर यंत्र अडकले आहे असेच वाटते. लॅपटॉप मिटून बाहेरच्या मोठ्या मॉनिटरवर काम करणाऱ्याला कन्सोल त्या मॉनिटरच्या एका कोपऱ्यात आक्रसलेला दिसतो. डेस्कटॉप कोसळल्यावर दुरुस्तीसाठी कन्सोलवर जावे, तर अक्षरे आडव्या पडलेल्या मॉनिटरवर किंवा खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या टीव्हीवर दिसतात. ज्यांना मुद्दाम कन्सोलवरच लिहायला आणि वाचायला आवडते, त्यांच्यासाठी तर हा रोजचाच प्रश्न आहे.

आता ही सोय आतून कशी चालते ते पाहू, कारण तिचे गुण आणि दोष दोन्ही तिच्या रचनेतून आलेले आहेत. कन्सोलवरची अक्षरे रंगवण्याचे काम कर्नलमधील फ्रेमबफर कन्सोल करतो. कर्नलच्या पर्यायांत त्याचे नाव एफबीकॉन असे येते. एफबीकॉनला मॉनिटर ही गोष्ट ठाऊकच नसते. त्याला ठाऊक असतो तो फ्रेमबफर, म्हणजे चित्र साठवण्याचा स्मृतीचा एक पट्टा, जो /डेव्ह/एफबी०, /डेव्ह/एफबी१ अशा नावांनी दिसतो. कोणत्या टीटीवायची, म्हणजे कंट्रोल, आल्ट आणि एफच्या एकेका कळीने समोर येणाऱ्या मजकूर पडद्याची, अक्षरे कोणत्या फ्रेमबफरवर लिहायची एवढेच एफबीकॉनकडून ठरवून घेता येते. त्या फ्रेमबफरमधले चित्र पुढे कोणत्या केबलीतून कोणत्या मॉनिटरकडे जाते, हा ग्राफिक्स ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, प्रांत आहे.

पूर्वी या दोन्ही गोष्टी जवळजवळ एकच होत्या. १९९९ मध्ये आलेल्या मॅट्रॉक्सच्या जी४०० या दोन मॉनिटरच्या कार्डासाठी लिनक्समध्ये जो ड्रायव्हर होता, तो कार्डाच्या दोन भागांना दोन स्वतंत्र फ्रेमबफर देऊ शकत असे. एफबी० म्हणजे एक मॉनिटर आणि एफबी१ म्हणजे दुसरा, असा सरळ हिशेब मांडता येई. त्याहूनही जुन्या काळी एमडीए किंवा हर्क्युलिसचे एकरंगी कार्ड दुसरा मॉनिटर म्हणून बसवले, तर कर्नलमधला एमडीए कन्सोलचा ड्रायव्हर तेराव्यापासून सोळाव्यापर्यंतचे टीटीवाय आपसूक त्याच्याकडे सोपवत असे. ती मांडणी मला आजही आदर्श वाटते, कारण तीत वापरणाऱ्याने मॉनिटरविषयी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मॉनिटरच्याच भाषेत मिळत होते.

२००९ मध्ये कर्नलच्या २.६.२९ या आवृत्तीपासून मॉनिटरचे मोड, म्हणजे किती बिंदूंत चित्र दाखवायचे ते, ठरवण्याचे काम कर्नलकडे येऊ लागले आणि ही मांडणी बदलली. केएमएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत प्रत्येक ग्राफिक्स कार्ड कन्सोलसाठी साधारणपणे एकच फ्रेमबफर पुरवते, मग त्या कार्डाला एक मॉनिटर जोडलेला असो किंवा चार. त्या एकाच फ्रेमबफरमधले चित्र सगळ्या मॉनिटरांवर एकसारखे दाखवले जाते. हा निर्णय समजण्यासारखा आहे. यंत्र बिघडले असताना कन्सोल कोठे तरी नक्की दिसावा आणि वापरणाऱ्याच्या समोर जो मॉनिटर असेल त्यावर तो असावाच, ही काळजी त्यामागे आहे, आणि दुरुस्तीच्या वेळी तिचे मोल कळते.

परंतु याच निर्णयातून या सोयीतला सर्वांत त्रासदायक दोष जन्माला येतो. सगळ्या मॉनिटरांवर एकच चित्र दाखवायचे, तर त्याची लांबी-रुंदी कोणती धरायची? कर्नल येथे सर्वांत लहान मॉनिटरला प्रमाण मानतो, म्हणजे त्यावरही शेवटची ओळ कापली जाणार नाही. समजा एक मॉनिटर १९२० गुणिले १०८० बिंदूंचा आहे आणि शेजारी १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचा जुना मॉनिटर आहे. नेहमीचे ८ गुणिले १६ बिंदूंचे अक्षर धरले, तर मोठ्या मॉनिटरवर एका ओळीत २४० अक्षरे आणि एकूण ६७ ओळी मावायला हव्यात. प्रत्यक्षात कन्सोलवर ‘एसटीटीवाय साइज’ ही आज्ञा दिली, तर उत्तर येते ४८ आणि १७०, म्हणजे ४८ ओळी आणि प्रत्येकीत १७० अक्षरे, ही लहान मॉनिटरची मापे. मोठ्या मॉनिटरच्या डाव्या वरच्या भागात मजकूर दाटतो आणि उजवीकडचा व खालचा पट्टा काळा राहतो. ज्याने हे प्रथमच पाहिले त्याला मॉनिटर बिघडला किंवा ड्रायव्हर नीट बसला नाही असे वाटते. तसे काहीही झालेले नसते. शेजारचा लहान मॉनिटर जोडलेला आहे, एवढेच कारण असते. मिटलेल्या लॅपटॉपचा आतला पडदा हा असाच शेजारी होतो, कारण झाकण मिटले तरी कर्नलच्या लेखी तो पडदा जोडलेलाच असतो.

डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये एखादा मॉनिटर बंद करून ठेवला, तरी कन्सोलवर त्याचा परिणाम होत नाही, हेही येथेच सांगायला हवे. डेस्कटॉप आपली मांडणी स्वतःपुरती करतो. टीटीवायवर जाताच कर्नल स्वतःची मांडणी पुन्हा लागू करतो आणि डेस्कटॉपवर झोपलेला मॉनिटर कन्सोलसाठी जागा होतो.

आता प्रत्यक्ष मार्गांकडे वळू. पहिला मार्ग एफबीकॉनच्या मॅप या पर्यायाचा आहे आणि तो ज्यांच्या यंत्रात दोन ग्राफिक्स कार्डे आहेत, किंवा यूएसबीवर चालणारा एखादा दुय्यम मॉनिटर आहे, त्यांच्यासाठी आहे. आधी /प्रॉक/एफबी ही फाइल उघडून पाहावी. तीत दोन ओळी दिसल्या, उदाहरणार्थ ० च्या पुढे आय९१५डीआरएमएफबी आणि १ च्या पुढे एएमडीजीपीयूडीआरएमएफबी, तर यंत्रात दोन फ्रेमबफर आहेत आणि हा मार्ग खुला आहे. एकच ओळ दिसली, तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत, कारण त्यांतले काहीही त्या यंत्रावर उपयोगी पडणार नाही. जुनी मार्गदर्शने ही एक पायरी वगळतात आणि मग वाचणारा ‘एफबीकॉन=मॅप:१’ लिहून पुन्हा पुन्हा यंत्र चालू-बंद करत राहतो, म्हणून ती मी मुद्दाम पुढे आणली आहे.

दोन फ्रेमबफर असतील, तर कर्नलच्या ओळीत, म्हणजे बूट होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या पर्यायांच्या ओळीत, ‘एफबीकॉन=मॅप:१’ लिहिल्याने सगळे टीटीवाय दुसऱ्या फ्रेमबफरवर जातात. ‘एफबीकॉन=मॅप:०१’ लिहिले, तर पहिला टीटीवाय एफबी० वर, दुसरा एफबी१ वर, तिसरा पुन्हा एफबी० वर, असे आळीपाळीने वाटप होते; दिलेले अंक संपले की तोच क्रम परत सुरू होतो. ही रचना नेटकी आहे आणि तिची परिभाषा कर्नलच्या दस्तऐवजात स्वच्छ तक्त्यासह समजावलेली आहे, याचे कौतुक करायला हवे. यंत्र पुन्हा सुरू न करता हेच करायचे असेल, तर ‘कॉनटूएफबीमॅप’ ही छोटी आज्ञा आहे. डेबियनमध्ये ती एफबीसेट नावाच्या पॅकेजसोबत येते. रूटच्या, म्हणजे यंत्राच्या प्रशासकाच्या, अधिकाराने ‘कॉनटूएफबीमॅप ३ १’ असे लिहिले की तिसरा टीटीवाय तत्क्षणी दुसऱ्या कार्डाच्या मॉनिटरवर उमटतो. एकच अंक दिला, तर तो टीटीवाय सध्या कोणत्या फ्रेमबफरवर आहे हे ती एका ओळीत सांगते. मला या सगळ्या सोयीत ही आज्ञा सर्वाधिक आवडते: ती एकच काम करते, ते लगेच करते आणि केलेले लगेच मागेही घेता येते.

तिच्याकडून एक अपेक्षा मात्र ठेवू नये. दोन टीटीवाय दोन मॉनिटरांवर पाठवले, म्हणजे दोन्ही एकाच वेळी जिवंत राहतील आणि एकीकडे नोंदवहीची (लॉगची) फाइल सरकत असताना दुसरीकडे लिहिता येईल, असे होत नाही. एका वेळी एकच टीटीवाय अग्रभागी असतो, कळफलक त्याचाच असतो, आणि मागे राहिलेल्या टीटीवायचा मजकूर पडद्यावर ताजा होत नाही. शिवाय फ्रेमबफरचे क्रमांक ड्रायव्हर कोणत्या क्रमाने नोंदले गेले त्यावर ठरतात. ज्याची नोंद आधी, त्याला लहान क्रमांक. बूट होताना फर्मवेअरने, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरने, दिलेला तात्पुरता फ्रेमबफर काही क्षण एफबी० ची जागा घेतो आणि खरा ड्रायव्हर आला की बाजूला होतो, यामुळे हा क्रम आणखी नाजूक होतो. कर्नल बदलल्यावर किंवा एखादा ड्रायव्हर आरंभीच्या रॅम प्रतिमेत (बूटच्या सुरुवातीला स्मृतीत चढवल्या जाणाऱ्या छोट्या फाइलसंचात) घातल्यावर कालचा एफबी१ आज एफबी० झालेला असू शकतो. म्हणून बूटच्या ओळीत मॅप लिहून ठेवण्यापेक्षा, यंत्र पूर्ण सुरू झाल्यावर /सिस/क्लास/ग्राफिक्स खाली प्रत्येक फ्रेमबफरचे नाव वाचून मग कॉनटूएफबीमॅप चालवणारी छोटी स्क्रिप्ट मला अधिक भरवशाची वाटते. बूटच्या ओळीतल्या मॅपचा आणखी एक धोका असा की त्यात दिलेल्या क्रमांकाचा फ्रेमबफर नोंदला जाईपर्यंत आधीचे संदेश कोणत्याच मॉनिटरवर दिसत नाहीत, असे होऊ शकते.

दुसरा मार्ग एकाच कार्डाच्या यंत्रांसाठी आहे आणि बहुसंख्य वाचकांना हाच लागेल. यात नको असलेला मॉनिटर कर्नलच्या ओळीतूनच बंद करायचा असतो. प्रथम जोडणीचे नाव शोधावे. /सिस/क्लास/डीआरएम या निर्देशिकेत कार्ड०-एचडीएमआय-ए-१, कार्ड०-डीपी-१, कार्ड०-ईडीपी-१ अशी नावे दिसतात. अलीकडच्या कर्नलांत बऱ्याच यंत्रांवर कार्ड० ऐवजी कार्ड१ असते, त्याने बिचकू नये. प्रत्येकाच्या आत स्टेटस नावाची फाइल असते आणि तीत जोडलेला आहे की नाही ते एका शब्दात लिहिलेले असते. येथे मिळणारे नाव आणि एक्सरँडर या डेस्कटॉपवरच्या मॉनिटर मांडणीच्या आज्ञेत दिसणारे नाव नेहमी सारखे नसते: कर्नल ज्याला एचडीएमआय-ए-१ म्हणतो त्याला एक्सरँडर अनेकदा नुसते एचडीएमआय-१ म्हणतो. कर्नलच्या ओळीत कर्नलचेच नाव चालते, आणि तेही कार्ड० हा भाग गाळून.

मग ग्रबच्या, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या बूटलोडरच्या, यादीत असताना ई दाबून, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:डी’ असे जोडावे आणि कंट्रोल-एक्स दाबून बूट करावे. हा बदल त्या एका वेळेपुरता असतो, म्हणून नाव चुकले तरी काही बिघडत नाही; पुन्हा सुरू केले की सगळे पूर्ववत. परिणाम मनासारखा असेल, तरच /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलीत ते कायमचे लिहावे आणि अपडेट-ग्रब चालवावे. या मार्गाने लहान मॉनिटर वगळला की कन्सोल मोठ्या मॉनिटरची पूर्ण रुंदी-उंची घेतो. वरच्या उदाहरणात ‘एसटीटीवाय साइज’चे उत्तर ४८ आणि १७० वरून ६७ आणि २४० होते. पडदाभर पसरलेला तो मजकूर पाहून खरोखर समाधान वाटते.

या पर्यायाची अक्षरे निवडताना मात्र ज्याने कोणी ती निवडली त्याने वापरणाऱ्याचा पुरेसा विचार केलेला नाही. शेवटची लहान लिपीतली डी मॉनिटर बंद करते. मोठ्या लिपीतली डी त्याच्या नेमके उलट, म्हणजे डिजिटल जोडणी सक्तीने चालू करते. लहान ई ही साधी सक्तीची चालू. एका शिफ्ट कळीच्या फरकाने बंदचे चालू होते आणि त्याविषयी कोणताही इशारा मिळत नाही. इतक्या महत्त्वाच्या जागी असा सापळा असणे मला पटत नाही. नाव चुकीचे लिहिले, तरी कर्नल ते मुकाट्याने सोडून देतो. आपण लिहिलेले कर्नलपर्यंत पोहोचले का, हे /प्रॉक/सीएमडीलाइन वाचून आणि ते मानले गेले का, हे संबंधित स्टेटस फाइल वाचून स्वतःच पडताळावे लागते.

या मार्गाची खरी किंमत निराळीच आहे. असा बंद केलेला मॉनिटर कर्नलच्या दृष्टीने जोडलेलाच नसतो, म्हणून तो डेस्कटॉपलाही दिसत नाही. कन्सोलपुरता नको होता, पण डेस्कटॉपवर हवा आहे, अशा वेळी डेस्कटॉप सुरू झाल्यावर त्याच्या स्टेटस फाइलीत रूटच्या अधिकाराने ‘डिटेक्ट’ हा शब्द लिहावा. कर्नल जोडणी पुन्हा तपासतो आणि मॉनिटर परत येतो. सिस्टमडीच्या, म्हणजे यंत्रावरच्या सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेच्या, एका छोट्या सेवेने हे आपोआप करून घेता येते. पण त्यानंतर पुन्हा टीटीवायवर गेलात, तर कन्सोलही त्या मॉनिटरवर परत येतो, कारण कन्सोलसाठी बंद आणि डेस्कटॉपसाठी चालू अशी वेगवेगळी नोंद ठेवायला कर्नलमध्ये जागाच नाही. परवलीचा शब्द विचारणारी ओळ योग्य मॉनिटरवर दिसावी एवढीच गरज असेल, तर ही युक्ती पुरेशी आहे. दिवसभर कन्सोल आणि डेस्कटॉप यांत ये-जा करणाऱ्याला ती अपुरी पडते. स्टेटस फाइलीत ‘ऑफ’ लिहून चालू यंत्रावरही मॉनिटर बंद करता येतो, परंतु बूट होताना ठरलेली कन्सोलची लांबी-रुंदी त्याने वाढत नाही.

मॉनिटर बंद करायचाच नसेल आणि तक्रार फक्त आक्रसलेल्या मजकुराची असेल, तर तडजोडीचा एक चांगला पर्याय याच व्हिडिओ शब्दात दडलेला आहे. एक मॉनिटर ३८४० गुणिले २१६० बिंदूंचा आणि दुसरा १९२० गुणिले १०८० बिंदूंचा असेल, तर मोठ्यासाठी ‘व्हिडिओ=डीपी-१:१९२०x१०८०’ असे लिहावे. दोन्ही मॉनिटर एकाच मापावर येतात, कन्सोल दोन्हींवर पडदाभर दिसतो आणि अक्षरेही वाचण्याजोगी मोठी राहतात. डेस्कटॉप पुढे आपला मोड स्वतः निवडू शकतो, म्हणून तेथे काही गमवावे लागत नाही. दोन्ही मॉनिटरांच्या लांबी-रुंदीचे प्रमाण सारखे असेल, तर मी सर्वप्रथम हाच उपाय सुचवेन. लहान मॉनिटर वगळून ३८४० बिंदूंच्या मॉनिटरवर कन्सोल पूर्ण मापाने आणला, तर ८ गुणिले १६ चे अक्षर मुंगीएवढे दिसते; त्यासाठी ‘एफबीकॉन=फॉन्ट:टीईआर१६x३२’ हा कर्नलमधलाच टर्मिनस फॉन्ट घ्यावा, म्हणजे पुन्हा २४० अक्षरे आणि ६७ ओळी असा सुखाचा हिशेब जमतो. उभा फिरवलेला मॉनिटर असेल, तर ‘एफबीकॉन=रोटेट:१’ घड्याळाच्या दिशेने आणि ‘एफबीकॉन=रोटेट:३’ उलट दिशेने मजकूर फिरवतो. पण एकाच कार्डाला एक उभा आणि एक आडवा मॉनिटर असेल, तर फिरवणेही दोन्हींवर होते. मग आडवा मॉनिटर वगळल्याशिवाय गत्यंतर नाही.

दोन कार्डे असलेल्यांनी व्हिडिओ पर्याय वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जोडण्यांचे क्रमांक प्रत्येक कार्डासाठी नव्याने एकपासून सुरू होत नाहीत, ते सगळ्या कार्डांत मिळून सलग चालतात. एका कार्डावर एचडीएमआय-ए-१ असेल, तर दुसऱ्यावरचा एचडीएमआय-ए-२ होतो, आणि ड्रायव्हरांचा क्रम बदलला की ही नावेही आपापसांत बदलतात.

फर्मवेअरविषयी थोडक्यात. खरा ग्राफिक्स ड्रायव्हर येईपर्यंत जे काही दिसते, ते फर्मवेअरने जो मॉनिटर उजळला त्यावरच दिसते, आणि वरचा कोणताही पर्याय त्या काळात लागू होत नाही. म्हणून ग्रबची यादीच चुकीच्या मॉनिटरवर येत असेल, तर फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये प्राथमिक ग्राफिक्स कोणते ते बदलावे, किंवा केबल कार्डाच्या दुसऱ्या खोबणीत लावून पाहावी. कूटबद्ध डिस्कचा परवलीचा शब्द विचारण्यापूर्वी व्हिडिओ पर्याय लागू व्हायला हवा असेल, तर ग्राफिक्स ड्रायव्हर आरंभीच्या रॅम प्रतिमेत समाविष्ट असणे आवश्यक आहे. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरात कन्सोलसाठी खास फ्रेमबफर पुरवण्याची सोय ५४५ क्रमांकाच्या मालिकेपासून प्रायोगिक स्वरूपात आली. त्याआधीच्या आवृत्त्यांवर कन्सोल फर्मवेअरच्या फ्रेमबफरवरच राहत असे, त्यामुळे तेथे मॉनिटरची निवडही फर्मवेअरचीच. ‘कन्सोल=टीटीवाय०’ या पर्यायाचा मॉनिटरशी काही संबंध नाही, हेही नोंदवून ठेवतो: कर्नलचे संदेश आभासी टर्मिनलवर जावेत की सिरियल पोर्टवर, एवढेच तो ठरवतो, आणि नावामुळे अनेकजण आधी त्याच्याशीच झटत बसतात.

एवढे सगळे करूनही ज्याला दोन मॉनिटरांवर दोन वेगवेगळे मजकूर पडदे एकाच वेळी हवे आहेत, त्याची गरज फ्रेमबफर कन्सोल भागवू शकत नाही. त्याने कर्नलबाहेर पाहावे. केएमएसकॉन हा वापरकर्त्याच्या पातळीवर चालणारा कन्सोल आहे आणि तो नेहमीच्या फॉन्टमधून अक्षरे रंगवतो. हा लाभ लहान नाही, कारण कर्नलच्या कन्सोलला एका वेळी फार तर ५१२ अक्षराकृती ठेवता येतात आणि देवनागरी त्यावर नीट उमटत नाही. केज हा एकच प्रोग्राम पडदाभर दाखवणारा छोटा वेलँड कंपोझिटर, म्हणजे खिडक्यांचे चित्र पडद्यावर मांडणारा प्रोग्राम, आहे. त्याला ‘-एम लास्ट’ असा पर्याय दिला, की तो शेवटी जोडलेला एकच मॉनिटर वापरतो, आणि त्यात एखादे टर्मिनल चालवले की दिसायला कन्सोलच. सर्वाधिक मोकळीक स्वे या दुसऱ्या वेलँड कंपोझिटरमध्ये मिळते: त्यात जोडण्यांची नावे कर्नलचीच असतात, प्रत्येक कार्यक्षेत्र ठरावीक मॉनिटरला बांधता येते आणि प्रत्येकावर पडदाभर टर्मिनल ठेवता येते. एमडीए कार्डाच्या काळात जे मिळत होते, त्याच्या सर्वांत जवळ जाणारी मांडणी आज हीच आहे. अर्थात, यंत्र अर्धवट बूट होऊन थांबले, तर यांपैकी काहीही मदतीला येत नाही. तेथे एफबीकॉनच लागतो.

म्हणूनच कर्नलमधल्या या सोयीला मी कामचलाऊ म्हणून बाजूला सारणार नाही. तिचा पाया भक्कम आहे, मॅप आणि कॉनटूएफबीमॅप ही जोडी निर्दोषतेच्या जवळ जाते, आणि व्हिडिओ पर्यायातला मोड ठरवण्याचा भाग अत्यंत उपयोगी आहे. तिच्यात कमी आहे ती एकाच पर्यायाची: एकाच कार्डावरच्या अमुक जोडणीवर कन्सोल दाखवावा आणि बाकीच्या जोडण्या डेस्कटॉपसाठी अबाधित ठेवाव्यात, असे सांगण्याची. तो पर्याय येईपर्यंत एका कार्डाच्या यंत्रावर मी हा क्रम धरेन. आधी /प्रॉक/एफबी पाहून फ्रेमबफर एकच असल्याची खात्री, मग ग्रबमध्ये एका वेळेपुरता समान मोड, आणि तेवढ्याने भागले नाही तरच लहान लिपीतली डी, तीही स्टेटस फाइलीत ‘डिटेक्ट’ लिहिणारी सेवा आधी तयार ठेवून.